सशाची मान एका बाजूला कलली आहे – घरी काळजी कशी घेऊ?

अबोली_नेरूळ | ५ ऑक्टोबर, रात्री ११:४०

नमस्कार. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

आमचा ससा तिळू. संक्रांतीला घरी आला म्हणून तिळू. वय साडेतीन वर्षं, वजन १ किलो ६०० ग्रॅम. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या कोपऱ्यातून धडपड ऐकू आली. दिवा लावून बघते तर मान डावीकडे पिळल्यासारखी झालेली, डावा डोळा फरशीकडे, उजवा छताकडे. उठायला गेला की डावीकडे गडगडत जायचा, भिंत लागेपर्यंत. बुबुळं एकसारखी आडवी सरकत होती. मला वाटलं, फिटच आली.

जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, लकवा आहे, सशांत याला इलाज नसतो, इंजेक्शन देऊन सोडवून टाका. मी त्याला टेबलावरून उचललं आणि बाहेर आले. लेक रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती आणि तिळू माझ्या ओढणीत पाय झाडत होता. त्याच संध्याकाळी ठाण्यात, सशांवर नेहमी उपचार करणारे दुसरे डॉक्टर गाठले. त्यांनी दोन्ही कान आतून पाहिले, वजन केलं, पोट चाचपलं. म्हणाले, एकतर आतल्या कानाचा संसर्ग आहे नाहीतर ई. क्युनिक्युली नावाचा परजीवी. नक्की कळेपर्यंत थांबायला नको, दोन्हींवर एकदमच उपचार करू. परजीवीसाठी फेनबेंडाझोल २८ दिवस, एक अँटिबायोटिक, सुजेसाठी मेलॉक्सिकॅम आणि गरगरणं कमी व्हायला मेक्लिझिन.

औषधं समजली. पण घरात दिवसरात्र कसं सांभाळायचं ते कळत नाहीये. पिंजऱ्यात ठेवला की गजांवर आपटतो. मोकळा ठेवला की सोफ्याखाली जाऊन अडकतो. कालपासून स्वतःहून काहीच खाल्लेलं नाही. मी आणि नवरा दोघं नोकरीला, घरी सासूबाई असतात. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

घोडबंदरकर | ६ ऑक्टोबर, रात्री १२:१५

अबोलीताई, आधी एक ऐका. तुम्ही त्याला घरी आणलंत हे बरोबर केलंत. आमची रेशीम चार वर्षांपूर्वी अशीच गडगडत होती. आज ती सहा वर्षांची आहे, मान थोडी तिरकीच आहे आणि माझ्या पायाशी बसून गवत खाते आहे. पहिल्या तीन-चार दिवसांवरून काहीही ठरवू नका. या आजारात ते दिवस सगळ्यात वाईट दिसतात.

आता कामाचं. मान सरळ कधी होईल याकडे डोळे लावून बसू नका, त्याचं पोट चालू राहील हे बघा. सशाला उलटी होत नाही आणि त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर आतडं मंदावतं, गॅस धरतो, आणि बरेचदा ससा मान कलल्यामुळे नाही तर या उपासमारीमुळे जातो. कालपासून खाल्लं नाही म्हणताय, म्हणजे आज रात्रीच भरवायला लागा.

रोजची पेलेट्स (सशाच्या खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मिक्सरमधून अगदी बारीक काढा आणि चहाच्या गाळणीतून गाळा. गाळलं नाही तर सिरिंज मध्येच तुंबते, तुमचा हात जोर लावतो आणि एकदम सगळं त्याच्या घशात जातं. तेच टाळायचंय. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. स्वतः जमिनीवर मांडी घालून बसा, त्याला टॉवेलात गुंडाळून पोटाशी घट्ट धरा. मान सरळ करायला जाऊ नका. ती जशी कलली आहे तशीच राहू द्या. समोरच्या दातांच्या मागे, ओठाच्या कडेला जी फट असते तिथून अर्धा-एक मिली सोडा, त्याने चावून गिळलं की मगच पुढचं. उताणा तर कधीच धरू नका, अन्न श्वासनलिकेत जाईल. आमच्या डॉक्टरांनी किलोमागे १० ते १५ मिली, दिवसातून चार-पाच वेळा असं सांगितलं होतं. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

जागेबद्दल: पिंजरा काढा. लहान मुलांचा प्लास्टिकचा टब किंवा मोठं खोकं घ्या, तळाला गोधडी अंथरा आणि चारही कडांना टॉवेलच्या जाड गुंडाळ्या लावा. गडगडला तरी मऊ लागलं पाहिजे. टॉवेलची चुंबळ करा, डोक्यावर हंडा घेताना करतात तशी, पण मोठी, आणि तिळूला तिच्या मधोमध बसवा. चारी बाजूंनी अंगाला आधार लागला की त्यांची भीती निम्म्याने कमी होते. रेशीम चुंबळीत बसवल्यावर पहिल्यांदा झोपली होती, दोन दिवसांनी. ते बघून बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली.

रात्री मंद दिवा चालू ठेवा. कानातला तोल गेला की ते डोळ्यांवर विसंबतात, अंधारात जास्त लोळतात.

शुभदा.आ | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

वाचून जीव कळवळला. माझ्याकडे ससे नाहीत आता, पण लहानपणी होते. एक सुचवते, फुलवाल्यांकडे दूर्वा मिळतात, त्या स्वच्छ धुऊन ओल्याच द्या. पाणीही पोटात जाईल. आमचे आजारी ससे सगळं सोडायचे पण दूर्वा हातातून ओढून घ्यायचे.

रानवारा | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

आमच्या गावी जनावराची मान आखडली की कोमट तेल कानात सोडतात आणि मानेला चोळतात. करून बघायला हरकत नाही, अपाय तर काही नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | ६ ऑक्टोबर, दुपारी १:५०

रानवारा, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपया हे करू नका. अपाय आहे. आतल्या कानात संसर्ग असेल तर पडदा फाटलेला असू शकतो, तेल थेट आत जाईल. मानेचे स्नायू आखडलेले नाहीत. तोल सांभाळणारी यंत्रणा चुकीचा निरोप देते आहे म्हणून तो मान तशी धरतो. चोळून, ओढून फक्त दुखापत होईल.

मी पशुवैद्य आहे, रायगड जिल्ह्यात. माझं रोजचं काम गाई-म्हशींचं, पण सशांचे रुग्णही येतात, म्हणून थोडं लिहितो.

ई. क्युनिक्युली, म्हणजे एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली, हा बुरशीच्या जवळच्या कुळातला अतिसूक्ष्म परजीवी आहे. तो मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांत ठाण मांडतो. पुष्कळ सशांना लहानपणी आईकडून किंवा दुसऱ्या सशाच्या मूत्रातून लागण होते आणि वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. म्हणूनच रक्तात त्याच्या अँटिबॉडी सापडल्या म्हणजे आजार त्याचाच, असं म्हणता येत नाही. निरोगी सशांतही त्या असतात. अँटिबॉडी अजिबात नसतील तर मात्र संशय कानाकडे जास्त जातो. कान बाहेरून स्वच्छ दिसला तरी आत, हाडाच्या पोकळीत पू असू शकतो. तो एक्स-रेवर कधी दिसतो, कधी नाही, सीटी स्कॅनवर चांगला दिसतो. लोंबत्या कानांच्या सशांत हे जास्त. दोन्हींवर एकदम उपचार सुरू केले हे योग्यच झालं.

फेनबेंडाझोलचा प्रचलित डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. म्हणजे तिळूला साधारण ३२ मिलिग्रॅम. बाजारातल्या गोळ्या कुत्र्यांच्या आणि गुरांच्या मापाच्या असतात, त्यामुळे घरी सुरीने तुकडे करून अंदाजाने देऊ नका, डॉक्टरांकडून मोजून द्रावण करून घ्या. काही सशांत या औषधाने अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी घटतात. मध्यावर एकदा रक्त तपासता आलं तर बघा, आणि ससा एकदम मलूल झाला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर वाट बघू नका.

दोन धोक्याच्या गोष्टी. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या गटातलं काहीही सशाला तोंडाने देऊ नका. त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावतो. आणि माणसांच्या उलटीवरच्या काही गोळ्यांत मेक्लिझिनबरोबर कॅफीनही असतं. केमिस्टने दिलेल्या पाकिटामागचे घटक वाचा, फक्त मेक्लिझिन असलेलीच गोळी हवी.

केवडा | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

डॉक्टर, हा परजीवी माणसांना होतो का? आमच्याकडे दोन ससे आहेत आणि बाबांची केमो चालू आहे. अबोलीच्या धाग्यात घुसल्याबद्दल माफ करा, पण धस्स झालं वाचून.

गोठ्यातला_डॉक्टर | ६ ऑक्टोबर, दुपारी ४:००

धस्स होणं साहजिक आहे. धडधाकट माणसाला सहसा त्रास होत नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसांना मात्र लागण होऊ शकते. बाबांनी सशांची मूत्राची जागा साफ करू नये, सशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना घरात ससे आहेत हे जरूर सांगा. ससे घालवण्याची घाई नको.

अबोलीताईंसाठीही हेच: मूत्राने भिजलेले कपडे रोज बदला आणि उकळत्या पाण्यात घाला. परजीवीचे बीजाणू बाहेर कित्येक आठवडे टिकतात, उकळत्या पाण्याने मरतात. फरशीवरचं मूत्र आधी पाण्याने पूर्ण धुवा, मग पातळ केलेलं ब्लीच लावा, पुन्हा पाणी मारा, वाळेपर्यंत सशाला लांब ठेवा. सशाच्या मूत्राचे पांढरे डाग काढायला बरेच जण व्हिनेगर वापरतात. ते ब्लीचबरोबर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

अबोली_नेरूळ | ९ ऑक्टोबर, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. घोडबंदरकर दादा, तुमचा प्रतिसाद आला त्याच रात्री एक वाजता मिक्सर लावला. शेजारच्यांना सकाळी कारण सांगितलं तर त्या काकू दूर्वांची जुडी घेऊन आल्या.

पहिल्या रात्री पाच मिली जायला पाऊण तास लागला. अर्धं माझ्या गाऊनवर. आता वीस मिनिटांत १८ मिली जातं. सिरिंज बघितली की ओठ हलवायला लागतो. कणकेच्या वजनकाट्यावर भांडं ठेवून रोज सकाळी वजन करते: १६००, मग १५२०, १४८०, आणि आज १४९०. ते दहा ग्रॅम बघून मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला.

सासूबाईंबद्दल लिहायलाच हवं. सुरुवातीला त्या म्हणाल्या होत्या, अगं एवढासा जीव, किती हाल करायचे त्याचे. आता त्या पहाटे पाचला उठून पहिलं भरवणं स्वतः करतात. जपाच्या वहीच्या मागच्या पानावर लेंड्या मोजून लिहितात. "सकाळी ११, बारीक. दुपारी २६, बऱ्या आकाराच्या." डॉक्टरांनी वही पाहिली आणि म्हणाले, यापेक्षा चांगला रिपोर्ट मला कुणी आणून दिलेला नाही.

एक अडचण आहे. मऊ, चिकट, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या त्याच्या मागे चिकटून राहतात. त्या तो नेहमी स्वतः खातो ना?

घोडबंदरकर | ९ ऑक्टोबर, रात्री १०:५५

हो, त्यात जीवनसत्त्वं असतात, त्या त्याच्या पोटात जायलाच हव्यात. मान कलल्यामुळे त्याचं तोंड मागे पोचत नाही. दिसल्या की उचलून ताटलीत त्याच्या तोंडासमोर ठेवा, बहुतेक खाईल. मागचा भाग कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपून कोरडा करा. अंघोळ घालू नका, गारठतात आणि घाबरतात. आणि माश्यांकडे लक्ष ठेवा! या दमट हवेत ओल्या, घाण झालेल्या केसांत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात. दिवसातून दोनदा तरी उलटसुलट बघा, म्हणजे हळूच कुशीवर करून. उताणा नाही.

पाऊसवेडी | १० ऑक्टोबर, सकाळी ८:४०

मी फक्त वाचत होते, पण एक विचारते. खालच्या बाजूचा डोळा कोणी बघितला का? आमच्या सशाचा असाच एक डोळा गेला. मान सुधारली, डोळा नाही. तो डोळा सारखा अंथरुणावर घासतो, नीट मिटत नाही, कोरडा पडतो. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते आहे.

अबोली_नेरूळ | १० ऑक्टोबर, रात्री ११:३०

पाऊसवेडी, तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

तुझा प्रतिसाद वाचला आणि टॉर्च घेऊन बसले. गालाखाली हात घालून डोकं जरासं उचललं. डाव्या डोळ्याच्या कडेला गवताची एक काडी, नखाएवढी, पापणीच्या आत गेलेली. बुबुळावर दुधाचा थेंब सुकावा तसा पांढुरका ठिपका. रोज पाच वेळा मी त्याला मांडीवर घेत होते आणि तो डोळा माझ्या कुशीकडे असायचा, म्हणून दिसलाच नाही.

लगेच ठाण्याला नेला. डॉक्टरांनी डोळ्यात हिरवा रंग घालून पाहिलं, जखम आहे पण वरवरची. अँटिबायोटिक थेंब दिवसातून चार वेळा, त्याशिवाय ओलावा राहावा म्हणून वेगळे थेंब. डोळ्याच्या थेंबात स्टेरॉईड नको हे त्यांनी दोनदा बजावलं, जखमेवर ते घातलं तर भोक पडू शकतं. आता तळाला गवत अंथरत नाही, गवत हातात धरून देते.

जाता-येता खोकं टॉवेलांनी गच्च भरलं होतं. खड्ड्यांत एकदाही लोळला नाही.

केवडा | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:००

तिळू कसा आहे? बाबाही विचारतात. उकाडा फार आहे, त्याला पंखा चालतो का?

घोडबंदरकर | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

पंखा थेट अंगावर नको, भिंतीकडे वळवा. सशाला घाम येत नाही, कानांतून उष्णता बाहेर टाकतो. २८-३० अंशांच्या वर गेलं की जपायचं. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून नॅपकिनात गुंडाळून टबात ठेवा, त्याला हवी तेव्हा टेकेल. पाणी प्यायला पसरट, जड दगडी वाटी, नाहीतर लवंडते.

आणि ताई, दिवाळी जवळ आली. पहिल्या मोठ्या आवाजाला पुन्हा गडगडायला लागेल, घाबरू नका. सगळ्यात आतली खोली, खिडक्या बंद, जाड पडदे, आणि कुणीतरी त्याच्याजवळ बसा.

अबोली_नेरूळ | २३ ऑक्टोबर, रात्री ९:१५

लक्ष्मीपूजनाच्या रात्री तसंच झालं. आठच्या सुमारास समोरच्या सोसायटीत माळ लागली आणि तिळू चुंबळीतून उसळून तीन वेळा गडगडला. सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असं वाटून हातपाय गार पडले. लेक फराळाचं ताट तसंच सोडून त्याच्याजवळ आडवी झाली, छातीशी धरून अर्धा तास. ती घाबरली की श्वास जोरात घेते, पण त्या दिवशी मुद्दाम हळू घेत होती, त्याला कळेल म्हणून. दहा वर्षांची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो होता तसाच, स्थिर.

बाकी चांगलं आहे. बुबुळं हलणं बाराव्या दिवशी थांबलं. डोळ्यावरचा ठिपका गेला. वजन १५६०. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला स्वतः खातो, वाळलं गवत अजून हातातूनच. रक्त तपासलं, पेशी ठीक आहेत.

रानवारा | २४ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

अबोलीताई, मी तेलाचं लिहिलं होतं त्याबद्दल वाईट वाटतंय. डॉक्टरांनी वेळेवर सांगितलं हे बरं झालं. आमच्या गावच्या ग्रुपवरही त्यांचा प्रतिसाद पाठवला आहे. तिळूला शुभेच्छा.

अबोली_नेरूळ | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

उशिरा लिहितेय. २८ दिवसांचा कोर्स झाला, अँटिबायोटिक सहा आठवडे चाललं. मान अजून डावीकडे कललेली आहे, घड्याळात मोठा काटा बारावरून अकरावर यावा एवढी. डॉक्टर म्हणतात, आणखी थोडी सुधारेल किंवा अशीच राहील. वळताना कधी डावीकडे झोक जातो, मग तो थांबतो, पाय रोवतो आणि पुढे जातो. वजन १६३०.

काल सासूबाई देवघरासमोर पाटावर बसल्या होत्या. तो हॉलमधून तिरका तिरका चालत आला, पाटावर पुढचे पाय ठेवले, एकदा घसरला, पुन्हा ठेवले आणि चढून त्यांच्या मांडीत बसला. त्यांनी वही बंद केली. लेंड्या मोजणं त्या दिवसापासून थांबवलंय.

ऐरोलीची_सई | १८ डिसेंबर, सकाळी ६:५०

हा धागा शोधून सापडला. आज पहाटे आमच्या सशाची मान उजवीकडे वळली आहे, उभं राहता येत नाही. मी एकटीच आहे घरी. दवाखाना दहाला उघडतो. तोवर काय करू?

अबोली_नेरूळ | १८ डिसेंबर, सकाळी ७:०२

सई, मी आहे. खोकं घे, टॉवेलची चुंबळ कर, मधोमध बसव. खोलीत मंद उजेड. हिरवा पाला तोंडाशी धरून बघ, घेतला तर देत राहा. घेतला नाही तर जबरदस्ती करू नकोस, सिरिंजने कसं भरवायचं ते डॉक्टर आधी दाखवतील. खालच्या बाजूचा डोळा टॉर्च लावून बघ, काही गेलं असेल तर ओढू नकोस, त्यांना सांग. रात्री शेवटचं कधी खाल्लं आणि लेंड्या कधी झाल्या ते कागदावर लिहून ठेव, ते पहिलं विचारतील.

दवाखाना कोणता ते मला मेसेज कर, ते ससे बघतात का हे मी फोन करून विचारते. आमच्याकडे न वापरलेल्या सिरिंजचं पाकीट आणि पेलेट्सची बंद पिशवी आहे. टॉवेल देत नाही, ते तिळूने वापरलेले आहेत. नवरा साडेआठला ऐरोलीवरूनच जातो, तो देऊन जाईल.